उतरण्याचा हिशेब

गोव्यातील डिचोली तालुक्यातल्या सर्वण गावाच्या परिसरात ज्याने एकदा तरी पायी फेरफटका केला असेल, त्याला तेथील भूमीचा स्वभाव निराळा सांगावयास नको. एका अंगाला काजूच्या झाडांनी भरलेले जांभ्या दगडाचे डोंगर, त्यांच्या पायथ्याशी पोफळींची आणि माडांची कुळागरे, त्यांतून वाट काढीत जाणारे व्हाळ, आणि जेथे थोडी सपाटी लाभली आहे तेथे बांधाबांधांनी कापलेली भाताची लहान लहान शेते, असे हे दृश्य आहे. कसणाऱ्याच्या दृष्टीने ही भूमी उदार आहे. परंतु इंजिन नसलेल्या विमानाच्या आसनावरून, हाताशी उंची थोडीच उरली असताना, कोणी तिच्याकडे पाहिले तर हीच भूमी त्याला अत्यंत कृपण वाटेल. उतरावे कोठे, या एका प्रश्नाचे उत्तर शोधावयास चालक कोणत्या क्षणी प्रारंभ करतो, यावर ग्लायडरच्या अवतरणातील बहुतेक अपघातांचे होणे न होणे अवलंबून असते. आणि तो क्षण सामान्य माणूस समजतो त्याहून पुष्कळच आधीचा असतो.

मराठी मुलखात या विद्येचे नाव निघाले की पुण्याजवळील हडपसरचे ग्लायडिंग केंद्र डोळ्यांपुढे येते. भारत सरकारच्या मुलकी विमान वाहतूक खात्याने १९५० च्या सुमारास स्थापिलेल्या या केंद्राच्या गवती मैदानावर अनेक पिढ्यांतील तरुणांनी उड्डाणाचे पहिले धडे घेतले आहेत. त्याच खात्याच्या दिल्ली येथील तांत्रिक केंद्राने पुढे देशी बनावटीची जी ग्लायडरे आखली, त्यांना अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर अशी नक्षत्रमालिकेतील नावे देण्यात आली. यांपैकी १९६१ मध्ये प्रथम आकाशात गेलेल्या रोहिणीत शिक्षक आणि विद्यार्थी एकमेकांच्या शेजारी बसत, म्हणजे विद्यार्थ्याचा हात कोणत्या दांड्याकडे वळतो आहे आणि त्याची नजर कोठे खिळली आहे, हे शिक्षकास तत्काळ दिसत असे. ही सोय वरवर क्षुल्लक वाटली तरी तिचे महत्त्व किती, हे पुढील विवेचनावरून ध्यानात येईल.

हडपसरसारख्या मैदानावर ग्लायडर आकाशात चढते ते विंचच्या साहाय्याने. मैदानाच्या एका टोकास उभ्या केलेल्या यंत्राच्या रिळावर लांबच लांब तार वेगाने गुंडाळली जाते, दुसऱ्या टोकास त्या तारेला जोडलेले ग्लायडर काही सेकंदांतच नाक वर करून चढू लागते, आणि साधारण हजार-बाराशे फुटांवर पोचताच चालक तार सोडून देतो. त्या पुढची सारी मदार वाऱ्यावर आणि गुरुत्वाकर्षणावर असते. तापलेल्या जमिनीवरून वर येणारा उष्ण हवेचा स्तंभ, ज्याला या क्षेत्रातील लोक थर्मल म्हणतात, तो सापडला तर तासन्तास विहार करता येतो. सापडला नाही तर सेकंदाला सुमारे एक मीटर या गतीने उंची गमावीत चार-पाच मिनिटांत मैदानावर परत यावे लागते.

उंचीचे अंतरात रूपांतर करणे, एवढेच ग्लायडरचे सामर्थ्य होय. ज्या शिकाऊ ग्लायडरचे प्रमाण १ ला २५ आहे, ते स्थिर हवेत ३०० मीटर उंचीवरून साडेसात किलोमीटर जाऊ शकते. पण हवा स्थिर क्वचितच असते. ताशी ७५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या त्याच ग्लायडरला ताशी ३० किलोमीटरचा वारा समोरून लागला, तर त्याची मजल साडेचार किलोमीटरांवर येते, आणि तोच वारा पाठीमागून असेल तर साडेदहा किलोमीटरांपर्यंत जाते. एकाच उंचीवरून, एकाच यंत्राने, एकाच चालकाने केलेल्या प्रवासात वाऱ्याच्या दिशेने एवढा फरक पडतो. आणि खाली उतरत्या हवेचा पट्टा वाटेत आडवा आला तर हेही गणित कोलमडते. इंजिनाच्या विमानात उतरण्याचा बेत फसला तर चालक शक्ती वाढवून पुन्हा वर जातो, एक वळसा घेतो आणि दुसऱ्यांदा प्रयत्न करतो. ग्लायडरच्या चालकास ही मुभा नाही. चोर्ला घाटासारखा अवघड उतार भरल्या गाडीनिशी उतरणारा जुना गाडीवान जसा माथ्यावर असतानाच चाकाच्या अटकावाची तजवीज करून घेई, कारण उतार लागल्यावर ती करावयास अवसर मिळत नसे, तसेच ग्लायडरच्या चालकाचे आहे.

असे असताही ग्लायडर मैदानाच्या कुंपणावर आदळले, शेतात उलटले किंवा चाकाविना जमिनीवर घासत गेले, की प्रेक्षकांचे लक्ष अखेरच्या दहा सेकंदांवर खिळते, आणि चौकशीचा निष्कर्ष दोन शब्दांत निघतो: चालकाची चूक. हा निष्कर्ष खोटा असतो असे नाही. पण तो अपुरा असतो, आणि अपुरा निष्कर्ष तपासाचे दप्तर अकाली बंद करतो. अपघाताच्या जागेचा पंचनामा करून थांबण्याऐवजी जर आपण त्या उड्डाणाचा माग उलट दिशेने, जमिनीकडून आकाशाकडे, काढीत गेलो, तर चुकीचे मूळ कोठे असते याचा उलगडा होऊ लागतो.

प्रथम जमिनीला टेकण्याचा क्षण घेऊ. येथे होणारे अपघात संख्येने पुष्कळ, परंतु बहुधा सौम्य असतात. ग्लायडर वेगात टेकले तर ते उसळते, आणि उसळी पाहून घाबरलेला नवशिका दांडा पुढे लोटतो. त्यामुळे नाक खाली जाते, दुसरा आघात पहिल्याहून जबर बसतो, आणि तिसऱ्या उसळीस एखादा सांगाडा मोडतो. कधी एका पंखाचे टोक उंच गवतात किंवा उभ्या पिकात अडकते आणि सारे यंत्र त्या टोकाभोवती गर्रकन फिरते. यावर उपाय साधे आहेत व ते शिकवता येतात. पण ग्लायडर वेगात का टेकले, किंवा उंच गवताच्या कडेस का गेले, असा प्रश्न विचारताच आपण एक पायरी वर चढतो.

ती पायरी म्हणजे मैदानाच्या दिशेने सरळ उतरत येण्याचा टप्पा. येथे चालकाच्या हाती मुख्य साधन असते ते एअरब्रेकचे. पंखांतून वर येणाऱ्या या फळ्या उघडल्या की उचल घटते, रोध वाढतो आणि उतार तीव्र होतो. मिटल्या की उतार पुन्हा सौम्य होतो. म्हणून चांगला चालक थोडा जास्त उंच येतो आणि एअरब्रेक निम्मे उघडून उतरतो, ज्यायोगे गरजेप्रमाणे उतार वाढवणे व कमी करणे दोन्ही त्याच्या हाती राहते. जो मुळातच खाली आला आहे त्याला एअरब्रेक काहीच देऊ शकत नाही. अशा वेळी मनुष्याचा स्वाभाविक हात दांडा मागे ओढतो, कारण नाक वर केले की आपण लांब जाऊ असे त्याला वाटते. प्रत्यक्षात वेग घटतो, उतार अधिकच तीव्र होतो, आणि कुंपण जवळ येते.

याच टप्प्यावर वारा एक कपट करतो, ज्याची जाणीव पुस्तकाशिवाय सहसा होत नाही. जमिनीशी होणाऱ्या घर्षणामुळे वाऱ्याचा वेग भूपृष्ठाजवळ कमी आणि वर अधिक असतो. समोरच्या वाऱ्यात उतरणारे ग्लायडर जसजसे खाली येते तसतसा तो वारा मंदावतो, आणि पंखांवरून वाहणाऱ्या हवेचा वेग चालकाने काही न करताही घटू लागतो. म्हणून जोराच्या वाऱ्यात नेहमीपेक्षा अधिक वेगाने यावे, आणि वाऱ्याच्या वेगाचा सुमारे निम्मा भाग आपल्या वेगात मिळवावा, असा शिरस्ता आहे. ज्याने हा हिशेब वर असताना केला नाही, त्याला तो शंभर फुटांवर आठवून उपयोग होत नाही. वाऱ्याच्या दिशेचाही असाच प्रताप आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने टेकणारे ग्लायडर ताशी २० किलोमीटरच्या वाऱ्यास सामोरे गेले तर जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग ६० असतो आणि वारा पाठीस घेतला तर १००. थोपवावी लागणारी गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने, दुसऱ्या प्रसंगी ती पहिल्याच्या जवळजवळ तिप्पट होते. गोव्याच्या किनाऱ्यावर तर हा प्रश्न दररोज उभा राहतो. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे जाणारे मतलई वारे दुपारी थांबतात आणि समुद्रावरून खारे वारे सुरू होतात, म्हणजे सकाळची उतरण्याची योग्य दिशा दुपारी नेमकी अयोग्य ठरते.

आणखी एक पायरी वर गेलो की आपण त्या वळणाशी पोचतो जेथे खरोखर माणसे मरतात. मैदानाला समांतर उडून, मग आडवे होऊन, शेवटी धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी जे अखेरचे वळण घ्यावे लागते, ते उशिरा सुरू झाले किंवा वाऱ्याने ग्लायडर पुढे ढकलले गेले, तर चालकास आपण रेषा ओलांडून चाललो असे दिसते. जमीन जवळ असल्यामुळे पंख अधिक कलता करावयास त्याचे मन धजत नाही. म्हणून तो पायाने रडर, म्हणजे शेपटीचे सुकाणू, दाबून नाक बळेच आत वळवू पाहतो. या कृतीने आतल्या बाजूचा पंख बाहेरच्या पंखाहून मंद होतो. त्यातच जमीन जवळ दिसत असल्याने वेग पुरेसा आहे असा भास होतो, विशेषतः वारा पाठीशी असताना, आणि चालक नकळत दांडा मागे घेतो. पंखावरील हवेचा प्रवाह तुटला की उचल एकाएकी नाहीशी होते; या अवस्थेस स्टॉल म्हणतात. आतला पंख प्रथम स्टॉल होतो, तो कोसळतो, आणि ग्लायडर त्याच्याभोवती गिरक्या घेत खाली जाते. पुरेशी उंची असेल तर या गिरकीतून सावरणे शिकाऊ विद्यार्थ्यासही जमते. तीनशे फुटांवर ते कोणालाच जमत नाही.

यातील गणित ध्यानात ठेवण्याजोगे आहे. वळणात पंखांना यंत्राचे वजन तर पेलावे लागतेच, शिवाय यंत्राला वळवण्याचे बलही द्यावे लागते. म्हणून सरळ उड्डाणात ज्या वेगाला स्टॉल होतो, त्याहून अधिक वेगाला तो वळणात होतो. पंख ३० अंश कलता असेल तर हा वेग सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो, ४५ अंशांस १९ टक्क्यांनी, आणि ६० अंशांस ४१ टक्क्यांनी. पंखाच्या या स्वभावाचा पहिला थोर बळी म्हणजे जर्मन संशोधक ओटो लिलिएन्थाल. सुमारे दोन हजार उड्डाणे केल्यानंतर, ९ ऑगस्ट १८९६ रोजी, ऱ्हिनोच्या टेकड्यांवरून उडत असता त्याचे ग्लायडर हवेत स्टॉल होऊन सुमारे पंधरा मीटरांवरून कोसळले आणि दुसऱ्या दिवशी त्याचा अंत झाला. त्या काळी यंत्राचे नियंत्रण केवळ शरीराचा भार इकडेतिकडे हलवून करावे लागे, आणि जगात लिलिएन्थालहून अनुभवी असा चालक दुसरा नव्हता. त्याच्या मृत्यूस चालकाची चूक म्हणावयास कोणाची जीभ रेटणार नाही. त्याने वक्र पंखांच्या उचलीची जी कोष्टके मागे ठेवली, त्यांच्या आधारानेच राइट बंधूंनी आपले काम आरंभिले, आणि त्यांतील त्रुटी आढळताच स्वतःचे प्रयोग करून ती दुरुस्त केली.

पण अखेरचे वळण उशिरा का सुरू झाले? कारण चालक खाली होता. खाली का होता? कारण मैदानापासून दूर असताना त्याने परतीचा निर्णय लांबणीवर टाकला. एखाद्या मंद थर्मलमध्ये आणखी दोन फेऱ्या मारल्या तर पुरेशी उंची मिळेल, अशी आशा सुटत नाही, आणि आशेच्या त्या दोन फेऱ्यांत वारा ग्लायडरला मैदानापासून आणखी दूर नेतो. म्हणून अनुभवी मंडळी लांबच्या उड्डाणासाठी पायऱ्या ठरवून देतात: दोन हजार फुटांवर आले की उतरण्याजोगा प्रदेश निवडावा, दीड हजारावर त्यातील विशिष्ट शेत, आणि एक हजारावर उड्डाणाचा लोभ सोडून उतरण्याच्या मार्गास लागावे, त्यानंतर कितीही चांगला थर्मल लागला तरी त्याकडे पाहू नये. या नियमाचे सामर्थ्य आकड्यांत नाही. माणसाचे मन जेव्हा आशेने भारलेले असते तेव्हा निर्णय घेण्याचे ओझे त्याच्यावरून काढून आधीच लिहून ठेवलेल्या हुकमाकडे द्यावे, हा त्याचा हेतू आहे.

आता सर्वणच्या आकाशात परत येऊन हीच कसोटी लावली म्हणजे तिचे मर्म कळते. परक्या शेतात उतरणाऱ्याने त्याचे आकारमान, उतार, पृष्ठभाग, भोवतालचे अडथळे आणि तेथे चरणारी गुरे यांची पारख करावी, असे शिकवतात. दीड हजार फुटांवरून भाताचे शेत हिरव्या गालिच्यासारखे सपाट दिसते. त्यातील हातभर उंचीचे बांध, चिखल, आणि कडेने गेलेली विजेची तार दिसत नाहीत. तार कधीच दिसत नाही, खांब मात्र दिसतात. म्हणून दोन खांब दिसले की मध्ये तार आहे असे गृहीत धरावे. जांभ्याचा सडा वरून मैदानाप्रमाणे मोकळा भासतो, पण त्यावर पसरलेले दगड आणि खड्डे खाली गेल्याखेरीज कळत नाहीत, आणि कळतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. डोंगराच्या उताराचे अनुमानही वरून फसवे होते. उतार डोळ्यांना जाणवण्याइतका असला तर तो बहुधा उतरण्यास अयोग्यच असतो, आणि अगदीच दुसरा मार्ग नसेल तर चढाच्या दिशेने उतरावे, उताराच्या दिशेने कधीही उतरू नये.

गवताने झाकलेली जमीन किती घात करू शकते याचा भीषण दाखला दुसऱ्या महायुद्धातील आहे. ५ मार्च १९४४ च्या रात्री, आसामातील लालाघाट येथून, चिंडिट नावाच्या ब्रिटिश पथकांतील सैनिकांना घेऊन मालवाहू ग्लायडरे ब्रह्मदेशातील जंगलात, ब्रॉडवे असे सांकेतिक नाव दिलेल्या एका मोकळ्या पट्ट्यावर उतरावयास निघाली. एकेका विमानामागे दोन दोन ग्लायडरे बांधलेली होती आणि त्यांत ओझे बेसुमार होते. कित्येकांच्या दोऱ्या वाटेतच तुटल्या. ऐन वेळी दुसरे नियोजित मैदान ओंडक्यांनी अडवलेले आढळल्याने सारा भार ब्रॉडवेवर आला. तेथे हत्तींकडून सागाचे ओंडके ओढवल्याने जे खोल चर पडले होते ते उंच गवताने झाकलेले होते, आणि वरून घेतलेल्या छायाचित्रांत दिसले नव्हते. पहिली ग्लायडरे त्या चरांत अडकून मोडली, त्यांना बाजूस काढण्यापूर्वीच पुढची अंधारातून त्यांच्यावर येऊन आदळली, आणि इंजिन नसल्यामुळे कोणालाही परत वर जाता येईना. त्या चालकांचे कौशल्य कितीही थोर असते तरी परिणाम फारसा निराळा झाला नसता; चूक, जर तो शब्द वापरावयाचाच असेल, तर ती नियोजनाच्या मेजावर झालेली होती.

युद्धाच्या त्याच काळात चूक या कल्पनेविषयी एक नवी दृष्टी उदयास आली. अमेरिकन हवाई दलात अवजड विमाने जमिनीवर टेकल्यानंतर त्यांचे चालक पंखाच्या फ्लॅपचा दांडा उचलण्याऐवजी चाकांचा दांडा उचलीत, आणि उभे विमान पोटावर बसे. मानसशास्त्रज्ञ आल्फोन्स चपॅनिस याने पाहिले की ज्या विमानांत हा अपघात होतो त्यांत हे दोन दांडे एकमेकांशेजारी आणि एकसारखे आहेत, आणि ज्यांत ते वेगळे आहेत तेथे हा अपघात होत नाही. त्याने चाकाच्या दांड्यास चाकाच्या आकाराची मूठ व फ्लॅपच्या दांड्यास पाचरीच्या आकाराची मूठ बसवावी असे सुचवले. पुढे १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी चालकांकडून जमवलेले चुकांचे ४६० अनुभव तपासले व त्यांतील मोठा भाग माणसाच्या बेपर्वाईतून नव्हे, तर उपकरणांच्या मांडणीतून उद्भवतो असे दाखवले.

ग्लायडरला हा धडा तंतोतंत लागू पडतो. घडी होणारे चाक असलेल्या ग्लायडरात चाकाचा दांडा आणि एअरब्रेकचा दांडा यांची गफलत होण्याचे प्रसंग आजही येतात: चालक एअरब्रेक समजून चाकाचा दांडा मागेपुढे करीत राहतो, उतार काही वाढत नाही, आणि चाक मात्र आतबाहेर होते. कधी उड्डाणानंतर चाक मिटावयाचे राहून जाते. उतरताना चालक तोच दांडा सवयीने हलवतो आणि उघडे असलेले चाक मिटून टाकतो. या धोक्याची जाणीव असल्यामुळेच युरोपीय मानकांनुसार एअरब्रेकचा दांडा निळा, तार सोडण्याचा पिवळा, समतोलाचा हिरवा आणि संकटात छत फेकून देण्याचा लाल, असे रंग ठरवून दिलेले आहेत. रंग ही मुक्या शिक्षकाची सूचना आहे. शेजारी बसलेल्या शिक्षकाचे काम ती एकट्या चालकाच्या बाबतीत काही अंशी करते.

याहून विचारप्रवर्तक असा एक प्रसंग प्रवासी विमानाच्या इतिहासात आहे. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे बोइंग ७६७ जातीचे विमान ६९ जणांना घेऊन ४१ हजार फुटांवरून जात असता इंधन संपून त्याची दोन्ही इंजिने बंद पडली. इंधनाचा हिशेब करताना किलोग्रॅमच्या जागी पौंडाचे प्रमाण धरले गेले होते, त्यामुळे हव्या असलेल्या २२,३०० किलोग्रॅमऐवजी २२,३०० पौंडच, म्हणजे निम्म्याहूनही कमी इंधन, विमानात होते. आणि हिशेब मान्य करणाऱ्यांत कॅप्टन रॉबर्ट पिअरसन हेही होते. परंतु पिअरसन हे ग्लायडरचे जाणते चालक होते. जवळच्या विनिपेग विमानतळापर्यंत आपण पोचणार नाही हे गणित सहचालकाने वेळीच केले, पिअरसन गिम्ली येथील एका जुन्या लष्करी धावपट्टीकडे वळले, आणि खाली आल्यावर उंची जास्त आहे असे दिसताच, ग्लायडरचा चालक करतो तशी, विमान तिरके धरून कडेने घसरण्याची युक्ती योजून त्यांनी ते अजस्र यंत्र धावपट्टीवर आणले. नाकाचे चाक अडून न बसल्याने विमान नाकावर घसरत गेले, तरी जीवितहानी झाली नाही. ज्या माणसाच्या संमतीने इंधन कमी भरले गेले, त्याच माणसाच्या हाताने सारे वाचले. चालक चुकला की नाही, या प्रश्नाचे उत्तर होय असे देऊन चौकशी समाप्त केली असती, तर मापाच्या पद्धती बदलल्यामुळे उडालेला गोंधळ, जबाबदारीची अस्पष्ट वाटणी आणि बिघडलेले इंधनदर्शक उपकरण यांकडे कोणाचे लक्ष गेले नसते. पुढे नेमलेल्या चौकशी आयोगाने दोषाचा मोठा भाग संस्थेच्या व्यवस्थेकडे दिला.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने अपघातांच्या तपासासंबंधी १९५१ मध्ये जे तेरावे परिशिष्ट मंजूर केले, त्याचे तत्त्व याच विचाराशी सुसंगत आहे: तपासाचा हेतू पुढील अपघात टाळणे हा असावा, दोष किंवा दायित्व ठरवणे हा नसावा. भारतात २०१२ पासून या कामासाठी विमान अपघात तपास मंडळ स्वतंत्रपणे कार्य करते. आणि ही दृष्टी निष्फळ नाही याचाही दाखला उपलब्ध आहे. ब्रिटनमधील ग्लायडिंग संघटनेने विंचच्या उड्डाणातील अपघातांचा माग काढून २००५ मध्ये सुरक्षित विंच उड्डाणाची मोहीम सुरू केली. चढाईच्या प्रारंभी नाक एकदम वर करू नये, तार तुटताच प्रथम नाक खाली करून वेग मिळवावा आणि मग पुढचा विचार करावा, अशा थोड्या गोष्टींवर शिक्षकांनी एकमुखाने भर दिला, आणि गंभीर अपघातांची संख्या ठळकपणे घटली. चालक तेच होते, यंत्रेही तीच होती. बदलली ती शिकवण.

पेडणे तालुक्यात तर हा विषय केवळ पुस्तकी राहिलेला नाही. हरमल व केरी येथील समुद्रासन्मुख कड्यांवर खारे वारे आदळून वर वळतात, आणि त्या चढत्या हवेच्या आधारावर पर्यटकांना घेऊन पॅराग्लायडर विहरतात. कापडी पंखाचे हे यंत्र ग्लायडरहून निराळे असले तरी त्याला नियम तेच लागू आहेत: वारा कड्यावर सरळ येत असेल तोवर उचल मिळते, तो वळला किंवा कड्याच्या पाठीमागच्या अंगाला पॅराग्लायडर गेले की तेथील भोवऱ्यांत पंख मिटू शकतो, आणि उतरण्याची जागा, मग ती वाळूची पुळण असो वा पठार, उडण्यापूर्वीच ठरलेली असावी लागते. जानेवारी २०२५ मध्ये केरीच्या पठारावरून उडालेल्या एका पॅराग्लायडरच्या अपघातात पर्यटक तरुणी आणि चालक दोघेही मृत्यू पावले, आणि गुन्हा नोंदवला गेला तो व्यवसाय चालवणाऱ्यावर. साहित्य कोणी तपासले, चालकास कोणी शिकवले, त्या दिवशी उडावे असे कोणी ठरवले, आणि या साऱ्यावर देखरेख कोणाची होती, हे प्रश्न मृत चालकाच्या चुकीच्या विवेचनाने सुटत नाहीत.

म्हणून पंचनाम्यात चालकाची चूक असे लिहिण्यास हरकत नाही, परंतु त्या शब्दांखाली आणखी काही रकाने असावेत: निर्णय कोणत्या उंचीवर घेतला गेला, तो कोणत्या उंचीवर घ्यावयास हवा होता, वाऱ्याची माहिती त्याला कशी मिळाली, हात ज्या दांड्याकडे गेला तो दांडा तेथे का होता, आणि अशीच चूक याआधी कोणाच्या हातून होऊन ती दडवली गेली होती काय. अखेरच्या रकान्याचे उत्तर शिक्षेच्या भयाने मिळत नाही. ज्याला आपली थोडक्यात टळलेली चूक सांगितल्यास परवाना जाईल अशी धास्ती वाटते, तो ती सांगत नाही, आणि तीच चूक पुढच्या हंगामात दुसऱ्याच्या वाट्याला येते. उलट, ज्या मैदानावर जुना शिक्षक नव्या विद्यार्थ्यांसमोर आपल्या फसलेल्या अवतरणाचा वृत्तान्त सांगतो, आणि आज वारा बरोबर नाही, मी उडत नाही, असे म्हणणाऱ्या पोराची चेष्टा होत नाही, तेथे अपघाताची नोंद करण्याचे प्रसंग कमी येतात.